पैसा कुणाचा, पोथी कुणाची

दसऱ्याच्या सुमारास नागपूरच्या दीक्षाभूमीवर जाऊन आलेल्या माणसाच्या पिशवीत पुस्तके असतातच. त्यांत कधी कधी बाबासाहेबांच्या बुद्धावरच्या ग्रंथाची एक प्रत निघते. जाडजूड, नेटक्या बांधणीची, आणि तिच्यावर किंमत नसते. ती तैपेईहून आलेली असते. बुद्ध एज्युकेशनल फाउंडेशन ही तिथली संस्था अशा प्रती फुकट वाटण्यासाठी छापते आणि या विकायच्या नाहीत अशी स्पष्ट सूचना आत देते. माझ्याकडे अशी एक प्रत आहे. या छपाईतून जे पुण्य जोडले गेले ते सगळ्या प्राणिमात्रांना लाभो, अशा अर्थाच्या ओळी तिच्यात आहेत.

पुण्यासाठी पोथी छापून वाटणे ही चिनी बौद्धांची फार जुनी रीत. इसवी सन ८६८ च्या मे महिन्यात वांग ज्ये नावाच्या गृहस्थाने आपल्या आईवडिलांप्रीत्यर्थ वज्रच्छेदिका सूत्र छापवून घेतले आणि ते सर्वांना फुकट वाटण्यासाठी आहे असे शेवटी नोंदवले. त्यातली एक गुंडाळी वायव्य चीनमधल्या तुनह्वांगच्या गुहेत राहिली. छपाईची तारीख असलेले, संपूर्ण हाती आलेले जगातले सर्वांत जुने पुस्तक ते हेच. पुरातत्त्व संशोधक ऑरेल स्टाइन यांनी १९०७ मध्ये ते तिथून नेले आणि आज ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. स्टाइन यांच्या त्या मोहिमेचा खर्च ब्रिटिश म्युझियम आणि हिंदुस्थान सरकार यांनी वाटून घेतला होता आणि त्यात मोठा वाटा हिंदुस्थान सरकारचा होता. म्हणजे शेतसारा आणि मिठावरचा कर भरणाऱ्या आपल्या खापरपणजोबांचा. वस्तूंची वाटणीही खर्चाच्या हिशेबाने झाली. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात तुनह्वांगची चित्रे दिसतात ती त्यामुळे.

चिनी धर्मांचा अभ्यास विद्यापीठांत कसा रुजला हे सांगताना आपण पंडितांची नावे घेतो. ती घ्यायलाच हवीत. पण गेली काही वर्षे या विषयात जे मिळेल ते वाचत असताना मला एक सवय लागली आहे. प्रस्तावनेच्या अगोदर मी ऋणनिर्देशाचे पान काढतो आणि पैसा कुणी दिला ते बघतो. पुस्तकात पुढे काय असेल आणि काय नसेल याचा बराचसा अंदाज तिथेच येतो.

जेम्स लेग यांचेच बघा. स्कॉटलंडचा हा मिशनरी हाँगकाँगला राहिला आणि कन्फ्यूशियसच्या परंपरेतले मूळ ग्रंथ त्याने इंग्रजीत आणले. पहिला खंड १८६१ मध्ये निघाला. एवढी महागडी छपाई मिशनच्या पैशात होणारी नव्हती. तो भार उचलला जोसेफ जार्डिन यांनी, जार्डिन मॅथेसन कंपनीच्या घराण्यातल्या माणसाने. त्या कंपनीच्या वैभवात अफूचा वाटा केवढा होता हे सगळ्यांना माहीत आहे, आणि माळव्याच्या अफूचा मोठा ओघ मुंबई बंदरातून जात होता हे आपल्याला तरी माहीत असायला हवे. जमशेटजी जीजीभाईंसारखे मुंबईचे व्यापारी याच कंपनीबरोबर व्यवहार करत. लेग स्वतः अफूच्या व्यापाराविरुद्ध होते. तरी त्यांनी ते पैसे घेतले, आणि त्यांनी ते घेतले हे बरे झाले असेच मी म्हणेन, कारण त्या भाषांतरांवाचून पुढच्या दोन पिढ्यांचे पान हलले नसते. पुढे १८७६ मध्ये ऑक्सफर्डला चिनी भाषेचे अध्यासन झाले, तेही चीनशी व्यापार असलेल्या मंडळींनी वर्गणी काढली म्हणून. लेग त्याचे पहिले प्राध्यापक. व्यापाऱ्यांना आणि वकिलातींना ज्या चीनशी बोलायचे होते तो चीन अधिकाऱ्यांचा, परीक्षा दिलेल्या विद्वानांचा होता. त्या विद्वानांची पोथी कन्फ्यूशियसची. चीनचा धर्म म्हणजे कन्फ्यूशियस ही समजूत युरोपात पक्की होण्यामागे हेही एक कारण होते. बंदराच्या गल्लीतल्या देवळात ज्या देवीपुढे खलाशी उदबत्ती लावत, तिच्यासाठी कुणी वर्गणी काढली नाही.

तिच्यासाठी पैसा आला तो अगदी वेगळ्या वाटेने. फ्रान्सच्या ल्याँ शहरात एमिल गिमे नावाचे कारखानदार होते. त्यांच्या वडिलांनी कृत्रिम अल्ट्रामरिन शोधून काढले होते. म्हणजे आपली नीळ, पांढरे कपडे खळबळताना शेवटच्या पाण्यात टाकतात तिची जात. त्या निळीवर घराणे श्रीमंत झाले. एमिल यांना जगातल्या धर्मांचे वेड होते. १८७६ मध्ये ते जपान, चीन आणि हिंदुस्थान पाहायला निघाले, मूर्ती आणि पोथ्या घेऊन परतले आणि १८७९ मध्ये त्यांनी ल्याँला धर्मांचे संग्रहालय काढले. दहा वर्षांनी ते पॅरिसला हलवले गेले. या संग्रहालयाने स्वतःची ग्रंथमाला चालवली, आणि तिच्यात १८८६ मध्ये अमॉय, म्हणजे आजचे श्यामेन, या बंदरातल्या वर्षभराच्या सणांवरचे एक मोठे पुस्तक निघाले. लेखक यान याकोब मारिया द ख्रूट, डच सरकारचे दुभाषे. कोणत्या तिथीला कोणत्या देवाला काय दाखवतात, चूलदेवाला वर्षाअखेरी कसा निरोप देतात, भुकेल्या भुतांच्या महिन्यात दारात काय मांडतात, असे सगळे त्यात आले. गिमे यांच्यासाठी द ख्रूट यांनी अमॉय ज्यात आहे त्या फुच्येन प्रांतातल्या देवांच्या मूर्तीही जमवल्या. द ख्रूट यांना पुन्हा चीनला जाऊन राहण्यासाठी पैसा दिला तो डच सरकारने, कारण जावा-बोर्निओत चिनी वस्ती मोठी होती आणि तिच्यावर राज्य करायचे तर तिचे देव माहीत हवे होते. त्यातून १८९२ ते १९१० या काळात चिनी धर्मव्यवस्थेवरचे सहा खंड तयार झाले. हेतू राज्यकारभाराचा होता, पण नोंदी इतक्या बारकाईच्या आहेत की अभ्यासकाला आजही त्या टाळून पुढे जाता येत नाही.

आता एक जवळची गोष्ट. भोसरीच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनमध्ये माझी नोकरी झाली. आमच्या टेबलावर मायक्रोमीटर असत ते मिटुटोयोचे. निळसर डबीतून काढायचा, आधी शून्य तपासायचे, जॉब, म्हणजे मोजायचा तुकडा, दोन टोकांत धरायचा, रॅचेट टकटक वाजेपर्यंत फिरवायचा आणि मग शतांश मिलिमीटर वाचायचे. पुणे-पिंपरीच्या टूलरूममध्ये हात काळे केलेल्या प्रत्येकाला हे नाव पाठ आहे. या कंपनीचे संस्थापक येहान नुमाता हिरोशिमाकडच्या एका बौद्ध देवळाच्या घरातले. तरुणपणी ते अमेरिकेत शिकले. बुद्धाचा विचार इंग्रजी वाचकांपर्यंत जावा म्हणून १९२५ मध्ये त्यांनी तिथे एक नियतकालिक काढले. पैशाअभावी ते चालेना. जपानला परतल्यावर त्यांनी ठरवले की आधी धंदा उभा करायचा आणि त्यातून धर्मकार्याला पैसा घालायचा. १९३४ मध्ये कंपनी सुरू झाली ती मायक्रोमीटर बनवण्यासाठी. १९६५ मध्ये त्यांनी बुक्क्यो देंदो क्योकाई ही बौद्ध धर्मप्रसाराची संस्था स्थापली. हार्वर्ड, बर्कली, शिकागोसारख्या विद्यापीठांत बौद्ध अभ्यासासाठी नुमाता यांच्या नावाचा निधी आहे तो इथून आलेला, आणि चिनी त्रिपिटक, म्हणजे बौद्ध धर्मग्रंथांचा चिनी संग्रह, इंग्रजीत आणण्याचा प्रचंड प्रकल्प १९८२ पासून चालू आहे तोही याच पैशावर.

हे मला निवृत्तीनंतर, पालीच्या वर्गात बसायला लागल्यावर कळले. त्या दिवशी घरी येऊन मी बायकोला सांगितले, ती म्हणाली, मग तुम्ही इतकी वर्षे धर्मकार्यच करत होता की. मला ते मनापासून पटले. आमच्या खरेदी विभागाने दर वर्षी मागवलेल्या त्या डब्यांमधला एखादा रुपया कुठेतरी ह्युएनत्संगाच्या एखाद्या ओळीचे भाषांतर करणाऱ्याच्या पगारात गेला असणार.

बौद्ध धर्माला असे दाते भेटले आणि अजून भेटतात. तैवानचे आचार्य शेंग येन यांच्या नावाचे चिनी बौद्ध धर्माचे अध्यासन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आहे, बाबासाहेब जिथे शिकले तिथेच. हाँगकाँगचे रॉबर्ट हो कुटुंब बौद्ध अभ्यासासाठी जगभर शिष्यवृत्त्या देते. तैवानात १९९८ पासून सीबीईटीए ही संस्था चिनी त्रिपिटक संगणकावर आणते आहे. देणगीदारांच्या बळावर हे काम इतके पुढे गेले की शनिवार पेठेतला माणूस आज मोबाइलवर कुठल्याही सूत्राचा चिनी पाठ फुकट उघडू शकतो. या सगळ्यांबद्दल मला कृतज्ञता वाटते. पण दाता बौद्ध असला की अध्यासन बौद्ध धर्माचे होते, आणि त्यातही त्याच्या पंथाला भावणाऱ्या भागाला झुकते माप मिळते. यात कुणाची लबाडी नाही. माणूस आपल्या देवळालाच कळस चढवतो. त्याचा परिणाम मात्र पुढे पन्नास वर्षे टिकतो, कारण अध्यासन असते तिथे विद्यार्थी तयार होतात, आणि ते पुढे तेच शिकवतात.

ताओ धर्म हा चीनचा स्वतःचा जुना धर्म. त्याची कथा त्यामुळे वेगळी झाली. ताओ धर्माचा ग्रंथसंग्रह १४४५ मध्ये मिंग सम्राटांच्या आश्रयाने छापला गेला. त्यात सुमारे दीड हजार ग्रंथ आहेत. पुढे त्याच्या प्रती इतक्या विरळ झाल्या की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभ्यासकाला तो बघायला मिळणेही कठीण होते. पेकिंगच्या श्वेतमेघ मंदिरातल्या प्रतीवरून १९२३ ते १९२६ मध्ये शांघायच्या कमर्शियल प्रेसने तो पुन्हा छापला, ११२० पातळ भागांत. या छपाईमागे चीनचे माजी राष्ट्राध्यक्ष श्यू शिछांग उभे राहिले होते. एका माणसाने मनावर घेतले नसते तर आज ताओ धर्माचा अभ्यास कशावर झाला असता, हा प्रश्न मला खरोखर बेचैन करतो. एवढा मोठा धर्म, आणि त्याचे सगळे वाङ्मय मोजक्या इमारतींच्या छपरांच्या भरवशावर.

ग्रंथ छापला गेला, पण तो वाचणार कोण? त्यातले विधी, मंत्र, चिठ्ठ्या, देवांच्या दरबाराची भाषा नुसत्या कोशाने उलगडत नाही. क्रिस्टोफर स्खिपर हे डच अभ्यासक १९६२ मध्ये तैवानला गेले. पोथ्या वाचता वाचता त्यांच्या लक्षात आले की दक्षिणेत तैनान शहरात पुरोहितांची घराणी हेच विधी अजून करत आहेत, आणि हस्तलिखिते बापाकडून मुलाकडे आलेली त्यांच्या पेटाऱ्यांत आहेत. ते तिथे राहिले, शिष्य झाले, त्यांनी पुरोहिताची दीक्षा घेतली. वर्षानुवर्षे एकाच शहरात राहून, रात्ररात्र चालणाऱ्या विधींत ढोल आणि झांजांच्या शेजारी बसून ते शिकले. युरोपात परतल्यावर १९७९ च्या सुमारास युरोपियन सायन्स फाउंडेशनच्या पैशातून संपूर्ण ताओ ग्रंथसंग्रहाची छाननी सुरू झाली. प्रत्येक ग्रंथ कधीचा, कुठल्या परंपरेतला, कशासाठी वापरला जाई. अनेक देशांतली माणसे त्यावर राबली. ते तीन खंड शिकागोहून बाहेर पडले २००४ मध्ये. पंचवीस वर्षे लागली. तीन वर्षांच्या अनुदानावर हे काम उभेच राहिले नसते, आणि तीन वर्षांनी प्रगतीचा तक्ता मागणाऱ्याला पहिल्या टप्प्यात दाखवण्यासारखे फारसे काही नसतेच.

आता ताओ मंडळींतही दाते पुढे आले आहेत. हाँगकाँगच्या फुंग यिंग सिन कुन या देवस्थानाने तिथल्या चायनीज युनिव्हर्सिटीबरोबर २००६ मध्ये ताओ संस्कृतीचे अभ्यासकेंद्र काढले. तैवानच्या च्यांग चिंग-क्वो फाउंडेशनने १९८९ पासून चिनी अभ्यासाला जी मदत केली तिच्यातून खेड्यापाड्यांतल्या धर्मावर कामे झाली. फुच्येनच्या पुथ्येन मैदानावर केनेथ डीन आणि चंग चनमान यांनी सातशेहून अधिक गावे पायाखाली घातली. तिथली गावे एकमेकांशी देवांच्या मिरवणुकीने बांधलेली आहेत. कालव्याचे पाणी ज्या गावांनी मिळून वाटायचे, त्यांनी मिळूनच देवाची पालखी फिरवायची, कुणाच्या वेशीत आधी जायचे, कुठे थांबायचे, कुणी काय द्यायचे हे ठरलेले. आपल्याकडच्या जत्रेतल्या मानकऱ्यांची भांडणे आणि मानपान ज्याने पाहिले आहेत त्याला हे वाचताना एकेक गाव डोळ्यांपुढे उभे राहते. या अभ्यासकांचे मोठे साधन म्हणजे देवळातल्या शिळा. जीर्णोद्धाराला कुणी किती दिले याच्या याद्या त्यांवर कोरलेल्या असतात. तांदळाचे व्यापारी, होडीवाले, सिंगापूरला गेलेला एखादा भाऊ, एखादी विधवा. त्या याद्यांवरून गावाची शतके उलगडतात.

सरकारी पैशाचे वळण आणखी निराळे. सोव्हिएत स्पुटनिक १९५७ मध्ये आकाशात गेला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेने शिक्षणाचा जो कायदा केला त्याच्या नावातच राष्ट्रीय संरक्षण होते. चिनी शिकण्यासाठी शिष्यवृत्त्या आल्या त्या त्यातून. आपल्याकडे १९६२ चे युद्ध झाले आणि १९६४ मध्ये दिल्ली विद्यापीठात फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने चिनी अभ्यासाचा विभाग उघडला. सीमा, पक्ष, परराष्ट्र धोरण हे विषय पुढे आले. ते हवेतच. पण शेजारी कशावर विश्वास ठेवतो हे कळल्याशिवाय त्याचे राजकारण अर्धेच कळते, असे मला वाटते. चीनने स्वतः २००४ पासून जगभर कन्फ्यूशियस इन्स्टिट्यूट काढल्या. तिथे भाषा शिकवतात, सुलेखन आणि सण शिकवतात. चीनमध्ये बंदी असलेल्या फालुन गोंग पंथाच्या अनुयायांना शिक्षक म्हणून न घेण्याच्या अटीवरून कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठाने २०१३ मध्ये आपल्याकडची अशी संस्था बंद केली. देणाऱ्याने विषय सुचवणे एक वेळ चालेल. कुणी शिकवावे हे त्याने ठरवायला घेतले की विद्यापीठाने पैसे परत करावेत, मग ते सरकार कुणाचेही असो.

आणि आपण? शांतिनिकेतनच्या चीनभवनाचे उद्घाटन १४ एप्रिल १९३७ ला झाले. रवींद्रनाथांच्या इच्छेने आणि चिनी पंडित तान युन-शान यांच्या खटपटीने, चीनमधून आलेल्या देणग्यांवर आणि ग्रंथांवर. महाराष्ट्राचा धागा त्याहून जुना आहे. गोव्याच्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी नेपाळ, सिंहल, ब्रह्मदेश पालथे घालून कलकत्त्याला पाली शिकवत होते. सयाजीराव गायकवाडांनी त्यांना कळवले की महाराष्ट्रात कुठेही राहा, दरमहा पन्नास रुपये मिळतील, वर्षाला एक पुस्तक लिहून द्या. कलकत्त्यातली त्याहून कितीतरी जास्त पगाराची जागा सोडून कोसंबी आले. १९१२ पासून त्यांनी फर्ग्युसनमध्ये पाली शिकवली. त्यांच्या हाताखाली पुरुषोत्तम विश्वनाथ बापट तयार झाले. बापट हार्वर्डला गेले, चिनी शिकले, आणि विमुत्तिमग्ग हा संपूर्ण रूपात फक्त चिनी भाषांतरातच उरलेला ग्रंथ त्यांनी पालीतल्या प्रसिद्ध विसुद्धिमग्गाशेजारी ठेवून तपासला. तो अभ्यास १९३७ मध्ये पुण्यात छापला गेला. पुढे विनयाच्या, म्हणजे भिक्षूंच्या नियमांच्या, अट्ठकथेच्या (टीकेच्या) चिनी रूपाचे भाषांतर त्यांनी जपानी पंडित हिराकावा यांच्यासह केले आणि ते १९७० मध्ये भांडारकर संस्थेने प्रसिद्ध केले. त्याच काळात वासुदेव विश्वनाथ गोखले पुण्यात चिनी आणि तिबेटी पाठांवर काम करत होते. बडोद्याच्या पन्नास रुपयांनी एवढे केले.

लांब पल्ल्याचा खर्चही आपल्याला नवीन नाही. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये हाती घेतले. औंधच्या पंतप्रतिनिधींनी लाखाचे वचन दिले, इतरांनी भर घातली, आणि मूळ संहितेचे काम १९६६ मध्ये संपले. त्या सत्तेचाळीस वर्षांत संस्थान गेले, इंग्रज गेले, संपादक बदलले. काम चालू राहिले.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलायला हवी. चिनी धर्माकडे आपण भारतीय माणसे बघतो ती आपल्या हरवलेल्या ग्रंथांची कोठी म्हणून. हरिवर्मा या बौद्ध आचार्याचा सत्यसिद्धिशास्त्र हा ग्रंथ संस्कृतात नाही, चिनीत आहे, म्हणून तो वाचायचा. ह्युएनत्संगाने महाराष्ट्राबद्दल आणि पुलकेशीबद्दल काय लिहिले ते वाचायचे, कारण त्यात आपण आहोत. ही ओढ खरी आहे, तिच्यातून बापटांसारखे काम झाले, आणि ते पुढे चालू राहायलाच हवे. पण आपण पैसा घातला तर तोही आपल्याच चेहऱ्याकडे वळेल, जसा व्यापाऱ्यांचा कन्फ्यूशियसकडे वळला. खलाशांच्या माझू देवीची जत्रा, तैनानचा पुरोहित, पुथ्येनचा कालवा यांत आपले काहीही हरवलेले नाही. तरी त्यांच्यासाठी एका मराठी मुलाने किंवा मुलीने दहा वर्षे द्यावीत असे मला फार मनापासून वाटते. मला पुण्यात भेटलेली चिनी शिकणारी बहुतेक मुले दुभाष्याच्या नोकरीकडे डोळे लावून असतात, आणि त्यांचे काही चूक नाही. चाकणच्या कंपन्या पगार देतात. ताओ पुरोहिताच्या शेजारी बसण्याचा पगार अजून कुणी लावलेला नाही.

तो लावणे अशक्य नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक नफ्याच्या वरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर घालावे लागतात, आणि शिक्षण त्यात बसते. आपल्या औद्योगिक पट्ट्यातले कितीतरी मालक दर वर्षी निंगबो आणि शेंझेनला माल बघायला जातात. तिथल्या कारखान्याच्या दारातला छोटा देव्हारा त्यांनी पाहिलेला आहे, त्यापुढची संत्री आणि उदबत्त्या पाहिल्या आहेत, आणि हा देव कोण असे त्यांतल्या काहींनी विचारलेही आहे. अशा पाच-सात जणांनी मिळून एक शिष्यवृत्ती काढावी. पैसा विद्यापीठाकडे द्यावा आणि निवडीतून स्वतः बाजूला व्हावे. मुदत दहा वर्षांची असावी. विषय अभ्यासकाने ठरवावा. वर्षाला एक पुस्तक ही सयाजीरावांची अट कोसंबींसारख्या तयार माणसाला ठीक होती, नवशिक्याला ती घालू नये. पहिली दोन वर्षे त्याने काहीही लिहून दाखवू नये. त्याने अभिजात चिनीचा पाया घालावा आणि ज्या गावात जायचे आहे तिथली बोली शिकावी, कारण पेकिंगच्या चिनीत पुथ्येनची म्हातारी बाई आपल्या देवीबद्दल बोलत नाही.